समुद्रतळाच्या किड्याची आत्या

नागपुरातून समुद्र पाहायला जायचं तर कुठल्याही बाजूने निघा, एक रात्र रेल्वेत काढावीच लागते. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे तलाव, आणि तलाव म्हणजे संध्याकाळी भाजलेलं कणीस खायची जागा. अशा गावात बसून मी खोल समुद्रातल्या एका प्राण्याच्या नव्या जातीचं वर्णन लिहिलं. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग थोडा विचार करतात आणि विचारतात, "खातात का ते?" सावजीच्या रश्श्यात काय काय चालेल याचा नागपूरकर माणूस मनातल्या मनात सतत अंदाज घेत असतो. त्यामुळे मी आता न विचारताच सांगते की खात नाहीत, एवढासा असतो, पुरणारही नाही.

मी नागपूरच्या सदर भागातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कुंडी उचलली की खाली करड्या रंगाचे, हात लावला की गोळी होऊन बसणारे जे जीव दिसतात, त्यांच्यावर माझी पीएचडी आहे. त्यांना किडे म्हटलं की मला राग येतो. ते कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातले आहेत, त्यांना आयसोपॉड म्हणतात आणि त्यांचे बहुतेक भाऊबंद समुद्रात राहतात. जमिनीवर आलेली शाखा तेवढी माझ्या वाट्याला आली. आपल्या देशात आयसोपॉडवर काम करणारी माणसं इतकी थोडी आहेत की आम्ही एकमेकांना वाढदिवसाला न चुकता फोन करतो.

त्यामुळे किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेतल्या मैत्रिणीने जेव्हा मला नमुने पाठवले, तेव्हा त्यात फार आश्चर्य नव्हतं. ती बाई जहाजावर गेली होती, जाऊन येईपर्यंत उलट्या करत होती, आणि मधल्या वेळात तिने समुद्राच्या तळाचा चिखल वर काढला होता. तिचा अभ्यास गांडुळांच्या समुद्री नातेवाइकांचा. चिखलात आयसोपॉड निघाले तेव्हा तिने ते स्पिरिटमध्ये टाकून दोन बाटल्यांत भरले आणि माझ्याकडे रवाना केले. सोबत चिठ्ठी होती, तुमची मंडळी आहेत, तुम्हीच बघा.

आम्ही एकाच घरात राहतो. खाली माझा धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं, वर मी. कुरियर आलं तेव्हा मी घरी नव्हते. खोक्यावर 'जैविक नमुना' असं लिहिलेलं वाचून भावजयीने ते जिन्याखाली चपलांच्या रॅकवर ठेवलं, कारण तो शब्द तिला घरात नको होता. तीन किलोमीटर खोलीवरून वर आलेला जीव आमच्या पावसाळी सँडलांशेजारी दुपारभर पडून होता.

इथे घरातली एक गोष्ट सांगायला हवी. मी आत्या आहे. आपल्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करते, नाव सांगते, आणि मागे उभ्या बाया तिच्या पाठीत बुक्के घालतात. समाजाने आत्याला एवढंच एक काम दिलेलं आहे. माझ्या भाच्याचं नाव एका अंकशास्त्रवाल्याने काढून दिलं. भाचीचं नाव भावजयीच्या माहेरी, भिवापूरला, सगळ्यांनी बसून ठरवलं. दोन्ही वेळी मी पाळण्याशी पोचले तेव्हा नाव केकवर लिहून तयार होतं. माझ्या वाट्याला फक्त कुर्र उरलं होतं. मी लग्न केलं नाही, त्याचं मला दुःख नाही. पण त्या दोन नावांचा राग मी लोणच्यासारखा मुरवून ठेवला आहे.

तेव्हा पहिल्या बाटलीतला तो तांदळाच्या दाण्याएवढा, पांढुरका, आंधळा, अंगभर काटे असलेला प्राणी मायक्रोस्कोपखाली पाहिला आणि हा कुठल्याच पुस्तकात नाही असा संशय यायला लागला, तेव्हा खरं सांगायचं तर माझ्या मनात विज्ञान दुसऱ्या नंबरावर होतं. नव्या जातीचं नाव, जो तिचं वर्णन लिहितो तो ठेवतो. इथे कोणी अंकशास्त्रवाला मध्ये येणार नव्हता. मी मैत्रिणीला फोन करून विचारूनही घेतलं. ती म्हणाली, मला फक्त गांडुळांत रस आहे, नाव तुम्हीच ठेवा. मग मी तोंड बंद ठेवायचं ते सोडून जेवताना ही बातमी घरात सांगितली.

भावाने आधी सगळं नीट ऐकून घेतलं. तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात आहे, प्रत्येक गोष्टीचा उपयोग विचारतो. मी त्याला सांगितलं की नाव कोणाचंही देता येतं, फक्त स्वतःचं द्यायचं नाही असा आमच्यात रिवाज आहे. त्याचा घास हातातच राहिला.

"सोताचं नाव देता येत नाही त मंग एवढी मेहनत काहून करून राहिली वं ताई?"

मग तोच म्हणाला की बाबांचं नाव दे. आमचे बाबाही त्याच वीज केंद्रात होते, राख वाहून नेणाऱ्या विभागात. लहानपणी ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या, आणि आंघोळ झाल्यावर ते एकदम तरुण दिसायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ म्हणाला, बाबांचं नाव जगभरच्या पुस्तकात राहील. मी म्हटलं, माणसाने जन्मभर राख खाल्ली, आता मेल्यावर चिखल खायला लावू का? हे बोलायला बरं होतं, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे होतं की तिसऱ्यांदाही नाव मला कोणीतरी दुसराच सांगत होता. पण भावाने पिच्छा सोडला नाही. पुढचे कित्येक दिवस जिन्यात, गेटपाशी, नळावर भेटला की तो नुसता "बाबा" एवढंच म्हणायचा आणि पुढे जायचा.

कॉलेजातही कळलं. प्राचार्यांनी मला बोलावून चहा पाजला, जो ते सहसा पाजत नाहीत, आणि संस्थेच्या संस्थापकांबद्दल बरंच बोलले. संस्थापकांनी समुद्र पाहिला होता का माहीत नाही, पण शिक्षणाचा सागर मात्र त्यांनीच विदर्भात आणला, असं प्राचार्यांचं म्हणणं पडलं. शेजारच्या गृहस्थांना वाटत होतं की नगरसेवकाचं नाव दिलं तर आमच्या गल्लीचा रस्ता होईल. मी सगळ्यांना बघू म्हटलं आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

काम उन्हाळ्यात घरीच करावं लागलं, कारण सुट्टीत कॉलेजची प्रयोगशाळा बंद असते. मायक्रोस्कोप मी घरी आणला होता. वर्णन लिहायचं म्हणजे आधी चित्रं काढायची. मायक्रोस्कोपला एक आरशाची नळी जोडतात, तिच्यातून प्राणी आणि कागद एकावर एक दिसतात, आणि दिसणाऱ्या रेषेवरून पेन्सिल फिरवायची असते. आता नागपूरचा मे महिना आणि माझा कूलर. कूलर सुरू केला की टेबल थरथरे, टेबल थरथरलं की प्राण्याच्या मिशा थरथरत, आणि कागदावर मिशीच्या जागी भूकंपाचा आलेख उमटे. कूलर बंद केला की मी भिजून निघे आणि घामाचा थेंब नळीवर पडे. शेवटी मी कूलर लावून थंड व्हायचं, मग तो बंद करून एक काटा काढायचा, परत कूलर लावायचा, अशी पद्धत बसवली. प्राण्याला काटे अगणित होते. ज्यांनी समुद्रकिनाऱ्याच्या वातानुकूलित प्रयोगशाळेत बसून आयसोपॉड काढले, त्यांच्याबद्दल त्या महिन्यात माझं मत फार वाईट झालं.

त्यात एके दिवशी सकाळी भावजयीने खाली मिरच्या भाजायला घेतल्या. तिच्या माहेरची भिवापुरी मिरची, तिचा ठसका जिना चढून वर यायला वेळ लागत नाही. मी नेमक्या त्याच वेळी सुईने प्राण्याचा एक पाय सुटा करून काचेवर ठेवला होता. असे पाय एकाच बाजूचे काढतात, दुसरी बाजू शाबूत ठेवतात. मी शिंकले आणि पाय गेला. तो पापणीच्या केसापेक्षा बारीक होता. मी खाली ओरडून सांगितलं तसं सगळं घर वर आलं. भाऊ, भावजय, भाचा, भाची असे चौघेही फरशीवर ओणवे होऊन मोबाइलच्या उजेडात पाय शोधू लागले, आणि भावजय शोधता शोधता सांगत होती की शिंक आली तर नाक दाबायचं असतं. पाय शेवटी माझ्याच चित्रावर सापडला. मी त्याला पेन्सिलीचा ठिपका समजून खोडायला निघाले होते.

यानंतर दोन-तीन दिवसांनी मला कळलं की माझ्या प्राण्याला पायांच्या सहाच जोड्या आहेत. आयसोपॉडला सात असतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. खोल समुद्रातून वर येईपर्यंत त्यांचे पाय तुटतात, त्यामुळे पाय कमी दिसले तर आम्ही दचकत नाही. पाय जिथे बसतो ती खोबण मोजायची असते. मी खोबणी मोजल्या. सातव्या जोडीला खोबणच नव्हती. तिथला भाग अगदी अरुंद आणि गुळगुळीत होता. म्हणजे ही नुसती नवी जात नव्हती. सहा जोड्यांवर चालणारा आयसोपॉड म्हणजे अख्खा नवा गट, नवं घराणंच.

मी खाली जाऊन सांगितलं. भाऊ म्हणाला, "सातवा त्या दिवशी मिरचीनं उडाला असन." मी त्याला खोबण म्हणजे काय ते पुन्हा एकदा समजावलं, जरा वरच्या पट्टीत. मग प्राचार्यांना फोन केला. हा फोन करायची काही गरज नव्हती, पण माणसाला आनंद झाला की तो कोणाला तरी फोन करतो. कॉलेज उघडल्यावर लगेच सत्काराचा कार्यक्रम ठरला. सदरच्या एका दुकानातून फ्लेक्स छापून आला, त्यावर माझा फोटो, त्याहून मोठा संस्थापकांचा फोटो, आणि मध्ये लालबुंद, लिंबाच्या फोडीसकट, शिजवलेला एक खेकडा. निमंत्रणपत्रिकेवर लिहिलं होतं की नव्या प्राण्याच्या नावाची घोषणा प्राचार्य करतील. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर केकवरची दोन्ही नावं परत आली.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मी दुसरी बाटली उघडली. तिच्यात काय आहे हे मैत्रिणीने चिठ्ठीवर 'तुकडे' असं लिहून ठेवलं होतं, म्हणून मी तिला हात लावला नव्हता. आत भुईमुगाच्या शेंगेएवढा एक मोठा प्राणी होता, डोकं चिरडलेलं, पण पाय सातच्या सात जोड्या. काटे मात्र तेच होते. महिनाभर कूलर बंद करून मी ते काढले होते, ते मी झोपेतही ओळखले असते. मी त्याला उलटा केला. आयसोपॉडच्या माद्यांना पोटाखाली एक पिशवी असते, तीत त्या पिल्लं सांभाळतात. पिशवीत तांदळाचे दाणे होते. एकाला सुईने बाहेर ओढलं. सहा जोड्या.

मी खुर्चीत मागे टेकले. आयसोपॉडची पिल्लं शेवटच्या पायांच्या जोडीशिवायच जन्मतात, ती जोडी त्यांना मागाहून फुटते. हे जगातल्या कोणत्याही माणसापेक्षा मला जास्त पाठ आहे. कुंडीखालची शेकडो पिल्लं मी मोजली आहेत. पण कुंडीखालचं पिल्लू रव्याच्या कणाएवढं असतं. तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू असू शकतं, हे माझ्या नागपुरी डोक्याला सुचलंच नाही. समुद्र मी कुंडीच्या मापाने मोजला होता.

मैत्रिणीला फोन केला तर ती इतकी हसली की तिला परत उलटी होते की काय असं वाटलं. मग तिने विचारलं की जात तर नवी आहे ना? मी पुस्तकं पुन्हा चाळली होती. घराणं जुनंच होतं, पण असे काटे असलेली जात त्यात नव्हती. आई आणि पिल्लू मिळून वर्णन पूर्ण होत होतं. आईचं डोकं नव्हतं ते पिल्लाचं होतं, पिल्लाचे पाय नव्हते ते आईचे होते. म्हणजे नाव ठेवायचंच होतं. फक्त ते आता प्राचार्य ठेवणार होते.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. घरचे सगळे आले होते, गल्लीतल्या बायाही भावजयीबरोबर आल्या होत्या, कारण नंतर नाश्ता होता. स्टेजवर मायक्रोस्कोप ठेवून त्याखाली पिल्लू मांडलं होतं. शाल-श्रीफळ झालं, आणि प्राचार्य घोषणेला उठायच्या आत मी माइक घेतला. म्हटलं, हे नवं घराणं आहे असं मी सांगितलं होतं, ते चुकलं. सातवी जोडी नाही, कारण ती अजून फुटलेली नाही. हे पिल्लू आहे. याची आई दुसऱ्या बाटलीत आहे. जात मात्र नवीच आहे.

प्राचार्यांनी घसा साफ केला, माइक स्वतःकडे ओढला आणि म्हणाले की विज्ञानात असं चालायचंच, तरीही या नव्या जातीला आपल्या आदरणीय संस्थापकांचं... तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून माझा भाऊ उभा राहिला. त्याला सभेत बोलायची सवय नाही, त्यामुळे तो गरजेपेक्षा मोठ्याने बोलला.

"सर, माफ करा. लेकरू आहे म्हणते ना ताई? मंग लेकराचं नाव त आत्याच ठेवते. आमच्या घरी हे दोनदा चुकलं. आता नाही चुकू देत."

मला वाटत होतं की हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं तर तो खाली बसून समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होता. आणि मग एक गंमत झाली. सहा जोड्यांचं नवं घराणं हॉलमध्ये कोणालाच नीट कळलं नव्हतं, पण बाळाचं नाव कोण ठेवतं हे प्रत्येकाला माहीत होतं. बाया माना हलवायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, आत्याचाच मान आहे. प्राचार्यांनाही बहिणी असणार. त्यांनी माइक खाली ठेवला आणि मला हाताने मायक्रोस्कोप दाखवला.

मी सांगितलं की छापून येईपर्यंत नाव जाहीर करता येत नाही. तर मागून भावजय म्हणाली, "जाहीर करू नका ना ताई, कानात सांगा." आयसोपॉडला कान नसतात. पण त्या वेळी हे सांगायची वेळ नव्हती. मी वाकले, डोळा नळीला लावला. उन्हाळाभर मी लॅटिनमधली पाच-सहा सुरेख नावं जमवली होती, एक काट्यांवरून, एक आंधळेपणावरून. मी कुर्र केलं आणि त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. भलतंच नाव निघालं. ते मी पुन्हा एकदा, नीट म्हटलं. एवढ्यात भावजय आणि तिच्यामागून गल्लीतल्या सगळ्या बाया स्टेजवर चढल्या होत्या आणि माझ्या पाठीत धपाधप बुक्के बसायला लागले. मायक्रोस्कोपची नळी पितळी आहे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या फोटोत माझा उजवा डोळा निळा दिसतो, आणि मी हसते आहे.

नाव काय ठेवलं ते घरात सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही. भावाने मात्र विचारलं नाही, आणि जिन्यात "बाबा" म्हणायचंही त्याने त्या दिवसापासून सोडून दिलं.

लेख छापून यायला पुढचा उन्हाळा उजाडला. मी त्याची प्रत काढली आणि खाली गेले. भाऊ ड्यूटीवरून नुकताच आला होता, बूटही काढले नव्हते. मी पहिलं पान त्याच्या मांडीवर ठेवलं. इंग्रजी त्याला येतं, पण तो सावकाश वाचतो. बोट फिरवत फिरवत तो तिरप्या अक्षरांतल्या दोन शब्दांपाशी आला. दुसरा शब्द बाबांचा होता, शेवटी लॅटिनची शेपटी लावलेला. त्याने बोट तिथेच टेकवून ठेवलं. मला वाटलं आता हा म्हणेल की शेवटी माझंच ऐकलं ना. तसं म्हणाला असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं, की नाव तू सांगितलंस पण ठेवलं मी. त्याने पान उलटलं, कूलर बंद करून काढलेलं माझं चित्र बघितलं, मग परत पहिल्या पानावर आला.

"बाबाले पोहता नव्हतं येत वं ताई," तो म्हणाला.

मला रडू आलं, म्हणून मी शिकवते त्या आवाजात सांगितलं की यालाही पोहता येत नाही, हा तळाशी चालतो.

"मंग बराबर आहे," तो म्हणाला, आणि बूट काढायला वाकला.